खिडकी नंबर चारवरचा लढा

७ मार्च, दुपार. विमानतळ.
आमचं विमान रद्द. कारण: क्रू नाही. विमान उभं आहे, उडवणारे नाहीत! उद्या सासऱ्यांचं खुब्याचं ऑपरेशन. बायको रडकुंडीला आली आहे. मी शांत. संकटात मी शांतच असतो. भरपाई घेतल्याशिवाय ही खिडकी सोडणार नाही.

संध्याकाळी ६.
खिडकीतल्या बाईंना त्यांचेच नियम समजावतोय. त्या सारख्या गेटकडे बोट दाखवतात. मला कटवायचा डाव! लगेच ओळखला. बायको दोनदा बोलवायला आली. मोबाइलवर माझं रेकॉर्डिंग चालू होतं, तिला हातानेच गप्प केलं.

रात्री, घरी.
खिडकी बंद करून बाई निघून गेल्या. म्हणजे नैतिक विजय माझाच. बायको कुठे दिसली नाही. रागारागाने बस पकडून माहेरी गेली असणार. तिच्यात चिकाटी कमी.

८ मार्च.
ऑपरेशन नीट झालं, मेहुण्याचा मेसेज. बायको फोन उचलत नाही. दावा लिहायला घेतला.

२० मार्च.
दावा इतका जाड झाला की स्टेपलर मोडला. 'मानसिक त्रास' हा भाग विशेष रंगलाय. बायको वडिलांच्या सेवेला तिकडेच. फोनवर तिला उतारे वाचून दाखवतो. भारावून फोन ठेवते.

१९ एप्रिल.
परवा ग्राहक मंचात सुनावणी. वकील केला नाही. उगाच त्याला शिकवत कोण बसणार?

२१ एप्रिल.
सुरुवात दणक्यात केली. मग कंपनीच्या वकीलबाई उठल्या. म्हणाल्या, दुसरीकडून क्रू आणून त्याच संध्याकाळी सगळ्यांना नेलं. यांच्या नावाचा पुकारा केला, पण हे खिडकीवर भांडत होते. मंचाच्या अध्यक्षांनी मला विचारलं, ऐकू आलं नाही का? म्हटलं, काहीतरी ऐकू येत होतं, पण मी बोलत होतो.
दावा फेटाळला.
बाहेर येऊन बायकोला फोन. म्हणाली, मी त्याच विमानाने आले. दार लागेपर्यंत तुझी वाट पाहिली. मी चिडलो, इतके दिवस सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, कशी पोचलीस, असं तू एकदा तरी विचारलंस?
नव्हतं विचारलं.

२२ एप्रिल.
सासुरवाडीला निघतोय. तसं कळवलं. ती म्हणाली, ये, पण बेल वाजवू नकोस, बाबा झोपलेले असतात. आणि आल्यावर निदान दोन तास बोलू नकोस.
लेखी देऊ का, विचारलं.
तिने फोन ठेवला.