अँटेनाची वायर जावेच्या खोलीत

मंगळवार, सांजचं

फोनला रेंज यावी म्हणून भाऊजींनी छतावर पाईप उभा करून अँटेना बांधला. तोंड धावड्याच्या टॉवरकडं. वायर मातर खाली जावेच्या खोलीत नेली अन् तिच्या पलंगावरच्या भिंतीला डबा ठोकला. रेंज त्या डब्यापाशीच येती. मी म्हणलं, "डबा मधल्या घरात लावा." तर म्हणे, "वायर पुरत न्हाई, वहिनी." छतावर सात-आठ हात वायर गुंडाळून पडलीय. मी सोता पाहिली.

आज सासरहून माझ्या शोभीचा फोन आल्ता. जाऊ तिथंच मेथी निवडत बसली. मेथी संपल्ती, तरी काड्या चाळून राह्यली. मी शोभीला इचारलं, "जावईबापू आता बराबर वागतेत का?"

"तिथं कोण हाय, आई?"

"काकू हाय."

"मंग सगळं बरं हाय." अन् फोन ठिवला.

ही सोयरीक भाऊजींनीच जमवल्ती. म्हणून तर वायर पुरली नसंल? का मलाच उगं वाटून राह्यलं?

पाण्याच्या टाकीवर चढून बोलायचे तवा आवाज तुटायचा, पण पोरगी रडायची तरी. आज आवाज एकदम साफ होता.

उद्या टाकीवर चढूनच फोन लावते. गुडघा दुखला तर दुखू दे.