नऊ आणि मी

६ फेब्रु. ७१, शनि. बर्मिंगहॅम
रीडिंगची नोकरी सोडली. सुपरवायझरचं तोंड. इथे निकेलचा मुलामा देण्याच्या वर्कशॉपमध्ये लागलो. आज उगाच मशिदीत गेलो. कोकणातल्या आम्हा ज्यूंचा शब्द, इथे सिनेगॉग म्हणतात. थंडी होती, शिवाय प्रार्थनेनंतर खायला देतात असं ऐकलेलं. चारशेंचा हॉल, आत नऊ म्हातारे. त्यांची पोरं शनिवारी फुटबॉलला. दहा पुरुष भरल्याशिवाय मुख्य प्रार्थना होत नाही. सेक्रेटरी मि. हार्ट बोटाने मोजत होते, "नाही एक, नाही दोन". माणसं सरळ मोजायची नाहीत ना. माझ्यापाशी आलेलं बोट रिकाम्या खुर्चीवरून जावं तसं पुढे गेलं.
मी कोण ते सांगितलं. हार्ट म्हणाले, "बॉम्बेचा ज्यू? तिथे असतात?"
पाऊण तास दहाव्याची वाट बघितली. मी तिथेच बसलेला. मग सगळे उठले. खारवलेला मासा मिळाला. सुकटीची सर नाही.

१३ फेब्रु., शनि.
मला मोजायचं की नाही यावर हात वर केले, माझ्यासमोर. आठ जण हो. एकटे मि. पोलाक नाही. चेक, ब्रनो शहरचे, शिंपी, लढाईआधी एकटेच निसटून आलेले. म्हणाले, "ब्रनोत आम्ही हजारो होतो. इंडियातून माणूस आणावा लागला नाही कधी."
हार्ट मला : "सॉरी सॅम, एकमत लागतं."
रेवदंड्याला दहावा कमी पडला की बाबा सायकल काढायचे, कुणाला तरी डबलसीट आणायचे, शर्टाची बटणं रस्त्यात लावत. आता तिथे चार घरं. बाकी इस्राएलला गेले. पोस्टाचा संप आहे ते बरं, आईला हे कळवायला नको.

१८ फेब्रु.
पो. खोलीवर आले. तीन जिने. मंगळवारी त्यांच्या आईबापांचा आणि बहिणीचा दिवस. नाझी छावणीत नेले, पुढे तारीख कुणी कळवली नाही. म्हणून शेवटचं पत्र आलं तो दिवस धरलाय. त्या दिवशी कद्दिश, गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायचं, आणि ते दहांशिवाय म्हणता येत नाही. गेल्या वर्षी नऊच होते. तसेच घरी गेले.
"मी देव मानत नाही. देव नाही. पण दहा लागतात."
ब्रनोत आता कोण म्हणतं, विचारलं.
"कुणी नाही. आमच्या सिनेगॉगमध्ये फर्निचर ठेवतात."
म्हटलं, आधी बोला, मी ज्यू आहे म्हणून. बराच वेळ उभे. खुर्ची होती, मी बसा म्हटलं नाही. मजा येत होती. शेवटी भिंतीकडे बघून, "यू आर अ ज्यू."
म्हटलं, माझ्याकडे बघून.
बघितलं.
दूध संपलंय. बूट पण फाटलाय, डावा.

२३ फेब्रु., मंगळ
कामाची पाळी बुडवली. सकाळी सातला हार्टचं बोट माझ्यावर थांबलं. "नाही दहा." पो. उभे राहिले, कद्दिश म्हटलं. आवाज फाटका. सुरू करण्याआधी बहिणीचं नाव घेताना टेबल धरलं होतं. मी सगळ्यात मोठ्यानं आमेन म्हटलं.
संपलं आणि दारातून हार्टचा जावई धापा टाकत. गाडी सुरू होईना म्हणे. पो.नी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. परत उभे राहिले. कद्दिश पहिल्यापासून.
"खात्रीसाठी," नंतर म्हणाले. "नथिंग पर्सनल."
दुसऱ्या वेळी मी आमेन म्हटलं नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

९ मे
एडिनबरा. हॉस्पिटलचं किचन, बटाटे. एक मराठी डॉक्टरीणबाई भेटल्या, आडनाव विचारलं, मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही नक्की कोण?" इथे महिनाभर टिकलो तर

१२ फेब्रु. ७२, शनि.
परत बर्म., तीच खोली. कोळशाचा संप, वीज गेलीय, मेणबत्तीवर लिहितोय. पाचच वाजलेत. सकाळी हार्टची चिठ्ठी आली : दोन म्हातारे वारले, जावई कॅनडात. इमारत विकली, महिनाअखेर गालिच्यांचं दुकान. उद्या पो.चा दिवस, आमच्या तिथीने यंदा लवकर. लीड्सहून दोघं मागवले तरी नऊच होतात. "प्लीज, सॅम."
मी कळवलं नाही काही.
आत्ता घरमालकीण मिसेस डॉयल खालून : "सॅम, लव्ह, एक म्हातारे आलेत. जिना चढवत नाही म्हणतात. तू आहेस म्हणू की नाहीस?"
खाली खोकला. मग खुर्ची ओढल्याचा आवाज, त्यांना बसवलं वाटतं.
"सॅम? काय सांगू?"
थांबा म्हटलं. आधी हे लिहून काढतो.