हंड्यातलं खारं पाणी

आई, तुमच्यावर मी एक आळ घेतला आहे, आणि तुमच्या झिलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तो खरा मानला आहे. राग आला की मी त्यांना तुमचा झिल म्हणते, एरवी हे. आज राग नाही, नुसता कंटाळा आहे, पण सांगायचं तुमच्या झिलाबद्दल आहे म्हणून तसंच लिहिते. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. तुमच्या ह्या मालवणच्या घरात आता मोऱ्या, लोक शार्क म्हणतात त्या, पाळल्या आहेत, असं कुणी तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही कपाळाला हात लावला असता. ज्या घरात मोरी आली की थेट विळीवर जायची, त्याच घराच्या बाहेरच्या खोलीत आठ फुटांची काचेची टाकी आहे. तिच्यात हातभर लांबीच्या दोन पट्टेरी मोऱ्या दिवसभर वाळूवर लोळतात आणि दिवेलागणीला उठून फिरायला लागतात. समोर खुर्ची टाकून तुमचा झिल बसलेला असतो. गुडघ्यांनी दगा दिला आणि होडी सुटली. समुद्रावर जाता येईना, तर ह्यांनी समुद्रच घरात आणला.

हौसेला मोल नाही म्हणतात. मोल नसेल, पण कंबर लागते, आणि ती माझी. बंदरातलं पाणी चालत नाही, त्यात डिझेल असतं. म्हणून ह्यांचा जुना सोबती होडीतून दूरवरचं पाणी कॅन भरून आणतो आणि दारात ठेवून जातो. ते आत मी ओढायचं. टाकीची काच मी पुसायची, फरशीवरचे मिठाचे डाग मी काढायचे, लाईट गेली की इन्व्हर्टरकडे मी धावायचं. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! आणि रोज मोऱ्यांना माकुल, कोळंबी बारीक कापून घालायची. मी इन्सुलीहून लग्न होऊन आले तेव्हा मला काजू फोडता येत होते, मासळी कापता येत नव्हती. तुम्ही बाजारातून रिकामी पाटी घेऊन यायचात, घरासाठी राखलेली मोरी उकळत्या पाण्यात बुडवून तिची खरखरीत कातडी सोलायचात आणि मला म्हणायचात, "बघ गो, बघान शिक." मी बघायचे आणि वास आला की मागच्या दारी पळायचे. आता ह्या वयात कापते आहे, तेही मोऱ्यांना जेवू घालायला.

मोरी मी पहिल्यांदा पोटभर खाल्ली ती बाळंतपणात. लेक पाच दिवसांची होती. तुम्ही मऊ भात आणि मोरीचं कमी तिखट कालवण घेऊन खाटेपाशी बसलात. "चेडवाक दूद व्हया तर मोरी खावक व्हयी," म्हणालात, आणि मी नको म्हणत असताना घास भरवलात. माझ्या आईनेही मला कधी तसं भरवलं नव्हतं. त्याच आठवड्यात तुम्ही तुमच्या माहेरचा तांब्याचा हंडा न्हाणीघरातून उचलून माझ्या खोलीत ठेवलात. चिंच लावून घासलेला, तोंड दिसेल असा. आजपासून हा तुझा, ह्यातलंच पाणी पी, म्हणालात. पुढे घरोघरी प्लॅस्टिकचे ड्रम आले तेव्हाही तुमचं एकच, "प्लॅस्टिकात पाणी मरता गो." हे वाक्य नीट लक्षात ठेवा, त्याच वाक्यावर मी सगळं ढकललं.

गेल्या पावसाळ्यानंतर ह्यांनी एक वागळी आणली. चपट्या अंगाचा, शेपटीवाला मासा तो; जाळ्यात जिवंत आलेली, भाकरीएवढी, कडा हलवत पाण्यात अशी उडायची की पदर उडतोय वाटावं. मोठ्या टाकीत एकदम नको म्हणून तिला अंगणाच्या बाजूला वेगळ्या लहान टाकीत ठेवली होती. महिन्याभरात ती हाताला सवकली. मी कोळंबी धरली की काचेला चिकटून वर यायची, आणि तिच्या पोटाकडचं ते तोंड, आई, हसणाऱ्या पोरासारखं दिसायचं. मला वागळीचं कौतुक नको होतं, पण वाटायचं. तेवढ्यात ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. चुलत भावाबरोबर तीन दिवस गोव्याला जायचं होतं. निघताना पन्नासदा बजावलं, "रोज सांजचा ड्रमात पाणी ओत, गाळ बसांदे, सकाळी वरचा वरचा काढून तिका घाल. इतक्याच." आणि रिक्षात बसता बसता म्हणाले, "नव्या डोळ्यान पयली तिकाच बघतलंय." बायको दारात उभी होती, ती दिसलीच नाही. मीही हसले.

पहिल्याच संध्याकाळी ड्रमला तळाशी चीर गेलेली दिसली. पाणी ओतते तर पायाखाली तळं. बादल्या वरच्या न्हाणीघरात होत्या आणि तुमचा हंडा समोर कोनाड्यात होता. मी तो चिंच-मीठ लावून घासला, लख्ख केला, त्यात समुद्राचं पाणी भरलं आणि झाकण ठेवलं. सकाळी ते वागळीच्या टाकीत ओतलं. दुसऱ्या दिवशी तसंच. ती वर येईना, कोळंबी तशीच तळाशी पडून राहिली. मला वाटलं, ह्यांच्यावाचून रुसली. तिसऱ्या सकाळी ती उलटी पडली होती, पांढरं पोट वर. मी टाकीत हात घालून तिला हलवलं. खोटं कशाला बोलू, पहिला विचार मनात आला तो हा की, चला, एका टाकीचं पाणी कमी झालं. मग रडू आलं.

हे दुपारी आले, डोळ्यावर काळा चष्मा. चप्पल न काढता तसेच टाकीपाशी गेले. टाकी रिकामी होती. मग टाकीचं सामान ज्याच्याकडून घेतलं होतं त्या गोव्याच्या माणसाला फोन लावला. तो काय काय विचारत होता, हे उत्तरं देत होते, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. फोन ठेवून आत आले. "पाण्यात तांबा खंयसून इला गो? तो म्हणता, ह्या जातीक तांबा म्हणजे वीख." त्यांची नजर कोनाड्याकडे गेली. हंडा इतका चकचकीत होता की लपवायची सोयच नव्हती. आतून खाऱ्या पाण्याची पांढरी रेघ उमटली होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "आईच म्हणत नाय काय, प्लॅस्टिकात पाणी मरता? म्हणान हंड्यात ठेवलंय."

ते खुर्चीवर बसले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "आयेक काय म्हायत, बिचारेक. तिना मासळी इकल्यान, पाळूक नाय. तुझो काय दोष त्यात." उठून त्यांनी हंडा पोत्यात गुंडाळला आणि शेजाऱ्याला बोलावून माळ्यावर टाकून घेतला. आता कुणी पाहुणा मोऱ्या बघायला आला की हे हसत हसत सांगतात, "आमच्या आयेन मेल्यावर पण एक वागळी मारल्यान!" पाहुणे हसतात. मी चहा घेऊन उभी असते, मीही हसते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण आई, तुम्ही गोड्या पाण्याबद्दल बोलत होतात. आणि तुम्ही आणखीही एक सांगितलं होतं, ते मी ह्यांना सांगितलेलं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी मीठ-आगळ लावलेले बांगड्याचे तुकडे तांब्याच्या भांड्यात ठेवले होते. तुम्ही बाजारातून आलात, झाकण उघडलंत आणि शेजारपाजार ऐकेल अशा आवाजात ओरडलात, "तांब्यात खारा घालतत? कळाकतला मा तां! आवशीन शिकवक नाय तुका?" तांब्यात खारं कळकतं, विषासारखं होतं, हे मला तेव्हाच कळलं; पण माझी आई काढलीत म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते. ते बोलणं मी चाळीस वर्षांत विसरले नाही, आणि त्या संध्याकाळी हंड्यात पाणी ओततानाही ते कानात होतं, अगदी तुमच्या आवाजात. तरी ओतलं. म्हटलं, एका रात्रीत काय होतंय. बादल्या आणायला तेरा पायऱ्या चढायच्या होत्या आणि माझे पाय दुखत होते. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

आत्ता बाहेरच्या खोलीतून हाक आली, "काय लिवतंस गो?" मी म्हटलं, काय नाय. टाकीचा पंप घरघरतो आहे, मोऱ्या उठल्या असतील. हे पत्र तुम्हाला पाठवायची गरजच नाही, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. ज्यांच्या हातात द्यायला हवं ते दहा पावलांवर बसले आहेत. उद्या देईन, असं वर लिहिलं होतं, ते खोडलं. नाही देणार, आई. तुमच्यावर त्यांना रागावता येत नाही. माझ्यावर येईल.