श्रीरंगपट्टणला सोडलेले कागद

अण्णा, तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. मी आता अठ्ठेचाळीस वर्षांची आहे आणि इतिहासात एम. ए. करते आहे, माझ्या लेकीच्या वयाच्या मुलांबरोबर बाकावर बसून. परवा प्रबंध द्यायचा आहे. बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली आपल्यासारखी मराठी घरं, हा विषय मीच हौसेनं मागून घेतला, कारण आमच्या घरी जुन्या मोडी कागदांचं अख्खं गाठोडं आहे, असं मी पहिल्याच दिवशी मार्गदर्शक मॅडमना सांगून बसले. वर्षभर त्या आणा, बघू म्हणत होत्या आणि मी काही ना काही सांगून टाळत होते. गाठोडं नाहीच, अण्णा. कुठून आणणार?

आपल्या चिकपेटच्या दुकानात दसऱ्यातल्या आयुधपूजेला तुम्ही ते लाल फडक्यातून सोडायचात, कात्री आणि कापड मोजायच्या गजाशेजारी पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायचात आणि मग त्यातला एक कागद मोठ्यानं वाचायचात. तुमचं बोट ओळीवरून सरकतंय, चष्मा नाकावर घसरलाय, आणि माझं सगळं लक्ष दाराकडे, कारण बाहेर मैत्रिणी थांबल्यात. एका वर्षी तुम्ही मला अडवलंत. म्हणालात, “स्वल्प बस गं. माझ्यामागं हे वाचणार कोण?” मी म्हटलं, त्यात काय एवढं, कोण कुठून आलं आणि कुणाचं लग्न कुठे झालं, तेच ना. तुम्ही ओरडला नाहीत. कागदाची घडी घातलीत आणि प्रसाद वाटायला उठलात. त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

तुम्ही गेल्यावर आईनं कपाटं आवरायला काढली. कागदांच्या माथ्यावर ‘श्री’ होतं, तेवढंच मला वाचता आलं. देवाचं नाव असलेला कागद आपण रद्दीत देत नाही. जुनी पंचांगं, फाटक्या पोथ्या पाण्यातच सोडतो. आई म्हणत होती, आधी काकांना विचारू. मीच म्हटलं, कशाला, अस्थी घेऊन श्रीरंगपट्टणला जातोच आहोत. कावेरीत ते गाठोडं लगेच बुडलंसुद्धा नाही. फडकं सुटलं, कागद पसरत गेले आणि मी हात जोडून उभी, काही पुण्य केल्यासारखी.

आता मला मोडी येते, अण्णा. या वयात बसून शिकले. दुसऱ्यांच्या घरचे कागद मी घडाघडा वाचते आणि आपल्या घरचं एक जुनं नाव मला माहीत नाही. तुम्ही दरवर्षी काय वाचायचात ते आठवायला बसते, तर फक्त तुमचा खोकला आठवतो. डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. या विषयात शिरलेच नसते तर निदान काय घालवलं ते कळलं नसतं.

गेल्या महिन्यात मॅडमनी निकरानं मागितलं, तेव्हा कागद पाण्यात सोडले हे सांगून टाकलं.  त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, घरात कुणालाच वाचता येत नव्हतं का? मी म्हटलं, “नाही मॅडम. वडिलांना मोडी येत नव्हती. त्यांनीच सोडायला सांगितलं होतं.” त्यांना ते लगेच पटलं. घरोघरचे कागद असेच जातात, हे प्रस्तावनेत जरूर लिहा म्हणाल्या. मी लिहिलं. तुमचं नाव घालून लिहिलं. उद्या सकाळी बांधणीला गेलं की ते ग्रंथालयात जाईल, आणि पुढे कधी कुणी आपल्या घराबद्दल शोधायला गेलं तर त्याला एवढंच सापडेल.

कालपासून ते पान समोर उघडं आहे. खरं लिहिलं म्हणून कुणी माझी पदवी काढून घेणार नाही, मला माहीत आहे. मॅडम फक्त माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतील. तेवढ्याच भीतीनं, अण्णा, मी ते वाक्य अजून बदललेलं नाही.