जुन्या पिकअपला स्थळ पाहिजे

१४ एप्रिल

शाळेत पाऊण तास उशिरा पोचलो. नदीच्या चढावर एक गुरांचा ट्रेलर रस्ता अडवून उभा होता, पुढे डिझेल पिकअप, बॉनेटमधून धूर. मी शाळेची बस थांबवली. वायरलेसवर शाळेला कळवलं — रस्त्यात अडथळा आहे. कोणाचा ते सांगितलं नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तो अडथळा तुमचाच नवरा आहे ना?"

हो. व्हर्लिन. ट्रेलरमध्ये पाच कालवडी. त्या पोरांकडे बघत होत्या, पोरं त्यांच्याकडे. शेवटी शेजारचा डेल्मर ट्रॅक्टर घेऊन आला आणि ट्रॅक्टर, पिकअप, ट्रेलर, कालवडी अशी वरात वर निघाली. व्हर्लिन स्टिअरिंगवर बसून समोर बघत होता. जणू तोच ओढतोय सगळ्यांना.

घरी म्हणाला, "दमली होती जरा."

"सव्वीस वर्षं झाली तिला," मी म्हटलं.

"मग? तू साठीला आलीस. तुला काढलं का मी?"

आज त्याला स्वतःचं सँडविच स्वतः करून घ्यायला लावलं.

१६ एप्रिल

बोलणं बंद. सँडविच चालू.

१९ एप्रिल

गावातल्या मेकॅनिकने पिकअप तपासली. इंजिन होईल म्हणाला, ब्रेक होतील, गिअर थोडा हट्टी आहे, चालायचं. पण भरलेला ट्रेलर चढावर ओढणं आता तिचं काम नाही. हलकं काम द्या. व्हर्लिनचा चेहरा असा, की जणू डॉक्टरने त्यालाच सांगितलं.

परत येताना तो म्हणाला, रस्ता बदलू. चढ टाळून जाऊ. मी विचारलं, कुठून? त्याने सांगितलेला रस्ता कॅनडातून जातो.

मग मी बोलले. पाच दिवस पोटात होतं ते. "ती मागे सरकली असती तर? मागे कोण होतं, व्हर्लिन? भरलेली बस होती. आणि मी."

घरी पोचल्यावर तो तडक गोठ्यात गेला. बऱ्याच वेळाने आला, टोपी हातात. "नवीन घेऊ," म्हणाला. "पण हिला कोणाच्या घरी द्यायची ते मी ठरवणार."

मी लगेच हो म्हटलं. चूक झाली ते आता कळतंय.

२६ एप्रिल

जाहिरात वाचून आलेलं पहिलं स्थळ. ग्रेट फॉल्सचा दातांचा डॉक्टर. बोट ओढायला पाहिजे. व्हर्लिनने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली, आणि विचारलं, "तळं घरापासून किती लांब?"

"समोरच आहे."

"आणि बाकी दिवसभर ती काय करणार?"

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

नकार. "कंटाळेल ती तिथे," म्हणाला.

३ मे

एक तरुण जोडपं आलं. त्यांचा लग्नाचा हॉल आहे. पिकअपला पांढरा रंग देऊन दारात उभी करणार, मागच्या हौद्यात फुलं. व्हर्लिनने त्यांना कॉफीसुद्धा दिली नाही.

४ मे

पाद्री आले. चाकांवरचं छोटं चर्च आहे त्यांचं, गावोगाव नेतात. व्हर्लिनने विचारलं, "वजन माणसांसकट की माणसांशिवाय?" ते म्हणाले, "माणसं थांबल्यावर आत येतात." हे त्याला आवडलं. मला वाटलं, ठरलं. चक्क देवाघरी जाणार.

पण परीक्षा बाकी होती. आमचा ट्रेलर जोडून गोठ्याला वळसा घालून मागे घ्यायचा. पाद्रींनी प्रार्थना केली आणि ट्रेलर सरळ पाण्याच्या हौदावर घातला. कालवडी पळाल्या. व्हर्लिनने पाद्रींशी हात मिळवला आणि म्हणाला, "तुमच्यासाठी मी प्रार्थना करीन."

मी म्हटलं, मी घेऊन दाखवते मागे. तीस वर्षं बस चालवतेय.

"बसमध्ये पोरं असतात, आर्डिस. ट्रेलरमध्ये गुरं. गुरांचं वेगळं असतं."

११ मे

नवीन पिकअप आली. स्थळ नाही तरी आली, मी थांबले नाही. ही गाडी सारखी बोलते. दार उघडं आहे, पट्टा लावा, मागे खांब आहे. व्हर्लिन प्रत्येक वेळी उत्तर देतो — "ऐकलं." मागचं दाखवणारा पडदा आहे, त्यावर त्याने माझं भांडी पुसायचं फडकं लावलं. बघून मागे घेणं म्हणजे लबाडी म्हणतो. मग मान बाहेर काढून मागे घेतली आणि कुंपणाचा खांब पाडला.

गाडी म्हणाली, मागे खांब आहे.

१७ मे

कॉर्लिस बेंडर आल्या. नेब्रास्काहून, बसने, पाठीवर हत्यारांची पिशवी. शेळ्या भाड्याने देतात — कोणाच्या माळावर तण माजलं की ह्या शेळ्या घेऊन जातात, शेळ्या खाऊन साफ करतात. नमस्कार वगैरे काही नाही, बाई थेट पिकअपखाली शिरल्या. फक्त बूट बाहेर. थोड्या वेळाने व्हर्लिनही शिरला. मी खिडकीतून चार बूट बघत उभी. मध्येच हसण्याचा आवाज.

ट्रेलर त्यांनी एका दमात मागे घेतला. एका हाताने. दुसऱ्या हातात माझं मफिन.

"शेळ्यांचं वजन?" व्हर्लिनने विचारलं.

"काहीच नाही हो. वाराच ओढायचा."

ठरलं.

१८ मे

सकाळी निघाली. व्हर्लिनही बसला शेजारी. दुसरा गिअर हट्टी आहे, तो बाईंना समजावून सांगतो म्हणाला. बिलिंग्जपर्यंत जातो, उद्या बसने परत.

२० मे

व्हर्लिनचा फोन. वायोमिंगमधून. उतारावर ब्रेक कसे जपायचे ते दाखवायचं राहून गेलं होतं.

२३ मे

नेब्रास्का. "शेळ्या चांगल्या आहेत," म्हणाला. मी विचारलं, कधी येतोस? म्हणाला, कुंपण चाललंय. कोणाचं कुंपण, कशाला, काही नाही. मागून जुन्या पिकअपचा आवाज येत होता. तो ओळखू येतो मला, झोपेतही.

२५ मे

डेल्मरची बायको केक घेऊन आली. सफरचंदाचा. गावात कोणी गेलं की ती सफरचंदाचाच आणते. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "पुरुषांचं ह्या वयात असं होतं गं. ती बाई दिसायला कशी आहे?"

मी म्हटलं, तो बाईसाठी नाही गेला. पिकअपसाठी गेला.

तिने माझ्याकडे अशा दयेने बघितलं की मीच लाजले. बाई असती तर निदान लोकांना काय सांगायचं ते कळलं असतं. भांडलेही असते. सव्वीस वर्षांच्या डिझेल इंजिनशी काय भांडणार?

केक मात्र उत्तम होता. सगळा संपवला.

३१ मे

शाळेला सुट्टी लागली. पोरांनी बसमधून उतरताना सांगितलं, "बाई, अडथळ्याला नमस्कार सांगा."

दुपारी पडद्यावरचं फडकं काढलं आणि ट्रेलर नवीन पिकअपला जोडला. कोणी बघत नव्हतं, फक्त कालवडी. पहिल्यांदा ट्रेलर गाडीच्या बाजूला दुमडला. मग हौदाशी अडला. मग डावीकडे फिरवलं की तो उजवीकडे जातो हे हातांना कळलं, डोक्याला नंतर. आणि गेला — गोठ्याला वळसा घालून, बरोबर फाटकाशी. मी गाडीतच बसून राहिले. गाडी म्हणाली, दार उघडं आहे.

मी म्हटलं, ऐकलं.

३ जून

व्हर्लिनचा फोन. आनंदात. कुंपणाच्या मोबदल्यात बाईंनी त्याला शेळ्या देऊ केल्यात. आपल्याकडे किती तण आहे आर्डिस, म्हणाला. आणायला ट्रेलर पाहिजे.

"आणते," मी म्हटलं.

"तू? नाही नाही. डेल्मरला सांग चालवायला. तू शेजारी बस, रस्ता बघ."

मी म्हटलं, बरं.

५ जून

डेल्मरला एवढंच सांगितलं, कालवडींना पाणी घाल. कॉफीचा थर्मास, सँडविचं, बदलायचे कपडे, ही वही. ट्रेलर रिकामा आहे, खडखडतो. नदीचा चढ एका दमात पार. वर पोचल्यावर मला हसू आलं, का ते माहीत नाही.

मुक्काम बिलिंग्ज. उद्या दक्षिणेला, मग पूर्वेला. मोटेलच्या माणसाने विचारलं, काय वाहून नेताय? अजून काही नाही, मी म्हटलं.

६ जून

मिझूला. नेब्रास्का पूर्वेला, मी पश्चिमेला आलेय. सकाळी डिझेल भरताना एक म्हातारा घोडी धरून उभा होता, त्याची गाडी मोडली होती. "ट्रेलर मोकळा आहे का?" एवढंच विचारलं त्याने. घोडीला आयडाहोला पोचवायचंय. तिथे आणखी एकाचे दोन घोडे आहेत म्हणे, ओरेगनला न्यायचे.

व्हर्लिनला फोन केला. बसने ये म्हटलं.