नंतरचा फोटो

धाकट्या,

टक्कल पडलेल्या न्हाव्याकडे गिऱ्हाईक कशाला येईल, असं म्हणून तूच मला त्या क्लिनिकमध्ये धाडलंस. तुझ्या शब्दावर मी डोकं पुढे केलं. तिथे माझंच रक्त काढतात, यंत्रात गरगर फिरवतात आणि त्यातलं पिवळसर पाणी सुईनं टाळूत टोचतात. तीनदा टोचून घेतलं. डोळ्यांतून पाणी आलं, केस मात्र एकही आला नाही.

काल चौथ्या खेपेला बाहेर बसलो होतो. भिंतीवर दोन पाठमोरे फोटो. 'आधी'मध्ये टक्कल, 'नंतर'मध्ये दाट केस. दोन्हींत डाव्या कानामागे टाक्यांची खूण. झोपाळ्यावरून तुला मीच पाडलं होतं, ती. न्हाव्याला ओळखायला चेहरा कशाला हवा?

मग 'नंतर'मधली मानेवरची केसांची रेघ दिसली, डावीकडे उतरलेली. तुझ्या लग्नाच्या सकाळी घाईत माझा हात चुकला होता. म्हणजे 'नंतर'चा फोटो बारा वर्षांपूर्वीचा! आणि हल्ली तू टोपी न काढताच मानेवर वस्तरा फिरवून घेतोस.

तो फोटो त्यांनी पळवला, की तूच नेऊन दिलास? केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच का रे?

हे पत्र मी टाकणार नाही. कागदावर तू काहीही लिहून मोकळा होशील. रविवारी नेहमीसारखा दुकानात येशीलच. वस्तरा मानेवर टेकवून एकच प्रश्न विचारीन. लहानपणापासून खोटं बोलताना तुझी मान हलते.

या वेळी हलवू नकोस.

तुझा दादा