शेवयांचा चुरा

९ एप्रिल १९३४, सोमवार

पुन्हा ताट सरकवलं! सासूबाईंनी — आत्याबाईंनी. काय वाईट होतं त्यात? रविवार कारंजावरच्या कोंडाजी वाण्याकडचा मोडक्या शेवयांचा चुरा, अख्ख्या शेवयांच्या निम्म्या भावात. गोजराबाईकडची सुकत चाललेली गवार. दिवेलागणीला उरलेला वाटा ती स्वस्तात देते — "न्या वो, नाय तर गुरांनाच टाकायची हाय." चुरा खमंग भाजला, कांदा-मिरचीची फोडणी दिली, गवार घालून शिजवला. मी बोटं चाटली! आत्याबाईंनी मिठाशी अर्धी भाकरी खाल्ली.

"कुठनं आणलास हा चुरा?" मी दुकान सांगितलं. "असलं माझ्यापुढे वाढू नकोस."

छापखाना बंद पडल्यापासून हे घोटीला भातगिरणीत काम शोधताहेत. तुमची आई अन्नावर रुसते, हे त्यांना कुणी कळवायचं?

१० एप्रिल

तोरा तरी किती! मान्य, आत्याबाईंच्या हातच्या शेवया पंचवटीत नावाजलेल्या. माझी पहिली शेवई पाहून म्हणाल्या होत्या, "ही शेवई की चऱ्हाट?" मग मला पाटाला हात म्हणून लावू दिला नाही. पण म्हणून चुरा खाल्ला तर काय नाक कापलं जातं?

आणि रोज दुपारी स्वारी देवळात पुराणाला! मी जात्यावर, त्या पुण्य गोळा करायला. आल्या की म्हणे बोटं चोळून दे. पुराण ऐकून कान दुखावेत. बोटं कशी दुखतात?

१२ एप्रिल, गुरुवार

आज चुरा भरपूर मिळाला! कोंडाजी मात्र वैतागलेला. "मागच्या अंगणात एक म्हातारी बसवलीय शेवया करायला. हात कापतो तिचा, रोज मोडतात. सोमवारपर्यंत बघतो, नाहीतर दुसरी बाई लावतो."

नीट करणारी बाई आली तर आम्ही काय शिजवायचं? देवा, त्या म्हातारीला सुखी ठेव — आणि अशीच मोडू दे!

१३ एप्रिल

आजही तेच. मी पातेलं आदळलं. "मग राहा उपाशी!" म्हटलं. राहिल्या.

१४ एप्रिल, शनिवार

यांचं पत्र आलं. काम लागलं! पण पगार महिना भरल्यावर. आत्याबाईंना सांगायला धावतच देवळात गेले. तिथे झाडणारी भागीबाई म्हणाली, "पुराण? ते तर रामनवमीलाच संपलं की वो!"

मग रोज दुपारी जातात कुठे? एकदम ती चोळून दिलेली बोटं आठवली. कोंडाजीच्या दुकानाकडे जाताना नदीवरचा पूल कधी ओलांडला, कळलं नाही.

कोंडाजीच्या मागच्या अंगणात पाटापुढे आत्याबाई बसल्या होत्या. शेवई छान बारीक ओढली. दांडीवर टाकायला उचलली, तर हात थरथरला आणि ती तुटली. तुकडे पटकन चुऱ्याच्या टोपलीत टाकले आणि कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं. मी भिंतीआड झाले.

काय मागितलं मी देवाकडे! लिहितानाही लाज वाटते.

१५ एप्रिल

सकाळी त्यांची बोटं चोळता चोळता म्हटलं, "आत्याबाई, उद्यापासून मीही येते पुराणाला."

त्यांनी हात काढून घेतला नाही. मग म्हणाल्या, "ओढायला बसू नकोस. चऱ्हाट करशील. मी ओढते, तू उचलून दांडीवर टाक."

१६ एप्रिल, सोमवार

आज चिमूटभरही चुरा निघाला नाही. कोंडाजीने उद्यासाठीचा रवा मोजून दिला. संध्याकाळी नुसती भाकरी आणि मीठ. आत्याबाई दोन भाकऱ्या जेवल्या.